कोरडा टॉवेल

दादा,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

सुट्टीचे दिवस लोळण्यात घालवायचे नाहीत म्हणून पोहायला शिकतोयस ना? मग टॉवेल दर शनिवारी कोरडा कसा येतो? काल तलावावर विचारलं, तर शिकवणारे सर म्हणाले, "असा कुणी इथे येतच नाही."

म्हणून आज तुझ्या मागोमाग आले. तू एका अनोळखी घराच्या ओसरीवर बसून बाबांची दाढी करत होतास. आपल्याला टाकून गेलेल्या माणसाची! मी हाकही न मारता परतले.

त्यांनी तुला तिकडे राहायला बोलावलंय का? खरं सांग. आईला मी काही बोललेले नाही, तूच बोल. मी मैत्रिणीकडे चाललेय, उद्या येईन.

आणि त्यांनी कधी माझ्याबद्दल विचारलं का रे?