टेपखालची दोन बोटं

प्रिय बटण,

आईचे दिवस आटोपून तू परत गेल्यावर आठवड्याभराने फोनवर विचारलंस, टाचणे, खरं सांग, तुला नक्की कधी कळलं होतं? मी म्हटलं, तिचे रिपोर्ट आले त्या दिवशी, तुला फोन करायच्या तासभर आधी. तू म्हणालीस, बरं. तुझं ते ‘बरं’ सतरा दिवस माझ्या डोक्यात आहे. मी खोटं बोलले होते. तो विषय पुन्हा काढायचा म्हणून त्यानंतर तीनदा फोन केला, आणि तिन्ही वेळा आपण तुझ्या गळक्या नळाबद्दल बोललो. म्हणून लिहायला बसले. माझं खरं काय ते कागदावरच उतरतं, हे तुला पूर्वीपासून ठाऊक आहे. उगाच नाही माझी डायरी चोरून वाचायचीस.

सोमवारपासून दुकान उघडलं. आईच्या मशीनवरचं कापड अजून काढलेलं नाही. मी माझ्याच मशीनवर बसते आणि तिच्या मशीनकडे पाठ येईल अशी खुर्ची फिरवून घेतली आहे. पहिल्याच दिवशी ग्रंथपालबाई त्यांचा स्कर्ट न्यायला आल्या. घालून बघते म्हणून पडद्यामागे गेल्या त्या बराच वेळ बाहेरच येईनात. मग आतून आवाज आला, “अहो, बसलाय चांगला, पण बाहेर आले की तुमच्या आई म्हणायच्या ना, एक गिरकी घ्या बघू.” मी पडद्याबाहेर टाचण्यांची डबी धरून उभी होते. मला म्हणता आलं नाही, घ्या गिरकी.

सगळ्यांना अजूनही तोच स्कर्ट हवा आहे, मोठ्या घेराचा, अर्ध्या पोटरीपर्यंतचा. फोनवर फोटो दाखवतात, आणि फोटोत नेहमी तीच, खांबासारखी उंच मुलगी. आई चष्मा वर करून फोटो बघायची आणि म्हणायची, “स्कर्ट हाच देते. मुलगी मात्र हीच देता येणार नाही, तुम्हीच चालवून घ्या.” बायका हसायच्या, आणि हसता हसता त्यांची मापं होऊन जायची. आईचे ते चार प्रकार तुला आठवतात ना? वर अरुंद आणि खाली भरलेली ती घागर. मधून फुगीर ती उशी. खांदे रुंद आणि खाली काही नाही ती हँगर. आणि सरळसोट असली तर फूटपट्टी. तू, मी आणि आई मिळून एक घागर, एक फूटपट्टी आणि पुन्हा एक घागर. फूटपट्टी मी. टाचणी हे नाव तेवढ्यासाठीच पडलं, टोचून बोलते म्हणून नाही, हे मी तुला चाळीस वर्षं सांगते आहे. तुझं नाव तू स्वतःच बटण गिळून कमावलंस.

तिची सगळी विद्या एका वाक्यात होती, घेर कुठून सुटतो तेवढं बघ. घागरीला कंबरेवर चुण्या द्यायच्या नाहीत. नितंबापर्यंत सपाट पट्टी, योक, आणि घेर त्याच्या खाली सोडायचा. उशीला पुढून सपाट, इलास्टिक फक्त मागे, आणि वरचा ब्लाउज बाहेर. हँगरला भरपूर घेर द्यायचा आणि वर अगदी साधं काही, म्हणजे वरखाली तोल साधतो. फूटपट्टीला मात्र कंबरेतच दाट चुण्या, जाड कापड, वर एकावर एक दोन कपडे, म्हणजे नसलेलं अंग असल्यासारखं दिसतं. आणि खालची दुमड कोणालाही पोटरीच्या सगळ्यात जाड भागावर नाही. पाय निमुळता व्हायला लागला की तिथे थांबायचं. हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिते आहे, कारण पुढे जे सांगायचं ते याच्याशिवाय कळणार नाही.

आणि दुकानाचा तो नियम. आकडा मोठ्याने म्हणायचा नाही. आई शिकाऊ होती तेव्हा तिथला मास्तर भर दुकानात मापं ओरडायचा आणि पोरं ती लिहून घ्यायची. एकदा आईचंच माप त्याने ओरडलं. ते तिने आपल्याला कधी सांगितलं नाही, ग्रंथपालबाईंना सांगितलं होतं. त्यामुळे आपल्याकडे टेप लावायची, बघायचं, वहीत लिहायचं, वही मिटायची. “आकडा कापडासाठी असतो, बाईसाठी नाही.” एकाच छपराखाली आपण तिघी राहिलो, पण एकमेकींचे आकडे आपण कधी तोंडाने म्हटले नाहीत.

आता आईचा हिरवा स्कर्ट. जन्मभर गाऊनवर एप्रन बांधून वावरलेली बाई. अडुसष्टाव्या वर्षी तिने गडद हिरव्या लोकरीचा सहा कळ्यांचा स्कर्ट स्वतःसाठी कापला, वयस्कर गिऱ्हाइकांना घालून दाखवायचा म्हणून. कापणं तिचं, शिवणं माझं. अर्थात योकचा. दुमडीपाशी आरशात वळून बघत ती म्हणाली, “पाय बरे आहेत की गं माझे, एवढी वर्षं उगाच झाकले.” तुला तिने फोटो पाठवला होता, आठवतं? तू लिहिलं होतंस, ही कोण तरुणी.

मागच्या थंडीच्या सुरुवातीला तिने तो माझ्या मशीनवर टाकला. कंबर सैल होते आहे, जरा घे. मी माप घेतलं. वहीत अडतीसच्या खाली साडेपस्तीस लिहिलं. त्या दिवशीची डायरी मी आता काढून बघितली. त्यात आहे, ‘आईचं वजन उतरतंय. चालण्याचा फायदा दिसतोय. मलाही चालायला हवं.’ त्याखाली बाजारातून आणायच्या वस्तू. मी ते पान दहा वेळा वाचलं असेल. त्यात काळजीचा एक शब्द सापडतो का ते शोधत होते. नाही सापडला. उलट मला बरं वाटलं होतं. तिच्या जाडीवरून आपण लहानपणापासून तिला चिडवायचो, आणि ती आता बारीक होते आहे याचा मला आनंद झाला होता.

दोन महिन्यांनी तिने पुन्हा स्कर्ट आणला. या वेळी म्हणाली, योक उसव आणि कंबरेत चुण्या घाल, चांगल्या दाट. बटण, मी इथे थांबायला हवं होतं. घागर बाई फूटपट्टीचा कट मागत होती. दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकाने मागितला असता तर मीच वाद घातला असता. मी स्कर्ट तिच्या अंगाला लावून बघितला आणि मला पटलं. हो, आता चुण्याच शोभतील. कट बरोबर होता. डोळा अजून किती पक्का आहे हिचा, असं मनात म्हणत मी दुपारभर योक उसवत बसले. तो कट तिला बरोबर का झाला, हा प्रश्न मला पडलाच नाही. वीस वर्षं अंगं वाचायचं काम करते आणि समोरच्या अंगात मी फक्त स्कर्ट वाचला. ही चूक कुठल्याही शेजारणीने केली नसती. तिने सरळ म्हटलं असतं, अगं बाई, तुझी हाडं दिसायला लागली.

त्याच दिवसांत तिने आत जाड बनियन, त्यावर ब्लाउज, त्यावर स्वेटर घालायला सुरुवात केली. थंडी होती म्हणून मला वेगळं वाटलं नाही. दर रविवारी तुझा व्हिडिओ कॉल यायचा, त्याआधी ती आरशासमोर उभी राहून चुण्या सारख्या करायची. तू म्हणायचीस, आई कशी टवटवीत दिसते आहेस! आणि ती फोन लांब धरून तुला गिरकी घेऊन दाखवायची. गिरकीनंतर खुर्चीची पाठ धरून उभी राहायची, पण तोवर फोन माझ्या हातात असायचा.

तिसरी वेळ. हेच मी तुझ्यापासून लपवलं. थंडी संपत आली होती. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. ती पडद्यामागे उभी राहिली, मी मागून टेप फिरवली आणि पुढे जुळवली. हाताला काहीतरी लागलं. टेपच्या आत तिची दोन बोटं होती. सरळ, पोटाला टेकवून, टेप त्यांच्यावरून जाईल अशी धरलेली. माप जास्त यावं म्हणून. लहान मुलं उंची मोजताना टाचा उचलतात ना, तसं. आरशात तिची माझी नजर भिडली. बोटं तिने काढली नाहीत आणि मीही ती बाजूला केली नाहीत. टेपवर जे आलं ते मी वहीत लिहिलं, तेहेतीस. खोटा आकडा. मग ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, “फार घट्ट नको घेऊस हं, बसताना काचतं.” मी म्हटलं, बरं.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे, मला त्या दुपारी कळलं. रिपोर्ट येण्याच्या अकरा आठवडे आधी. त्या तारखेला डायरीत मी लिहिलं आहे, ‘स्कर्ट झाला. आई छान दिसते.’ बस.

गप्प का राहिले, हे मी स्वतःला विचारते आहे. नियमाची सवय, हे पहिलं कारण मी लिहिलं आणि खोडलं, कारण ते फार सोयीचं आहे. तू उन्हाळ्यात येणार होतीस, तोवर तिला तसंच राहायचं होतं असं मला वाटलं, हे दुसरं. त्यात थोडं खरं आहे. पण सगळ्यात खरं हे की मी घाबरले. आकडा तोंडाने म्हटला असता तर तो खरा झाला असता आणि मग मला काहीतरी करावं लागलं असतं. तिने बोटं घालून मला गप्प बसायची सवलत दिली आणि मी ती घेतली. पुढे ती दुकानातच चक्कर येऊन बसली तेव्हा दवाखाना झाला. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. मी विचारलं, आधी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. मला वाटतं त्यांना सांगता येत होतं.

हे वाचून तू रागावशील. रागाव. तो तुझा हक्क आहे, आणि मी त्यासाठी लिहिलेलं नाही. माफीसाठीही नाही, म्हणजे तशी इच्छा आहे, पण त्यासाठी मी आणखी काही महिने थांबू शकले असते. आज थांबता येत नाही ते वेगळ्याच कारणाने. तू जायच्या आदल्या दुपारी आईचा हिरवा स्कर्ट घालून बघितलास. मी सवयीने टेप लावली, सवयीने लिहिलं, वही मिटली. तू म्हणालीस, योक नको लावूस ताई, चुण्याच असू देत, मला आता चुण्याच शोभतात. मी टाचण्या लावल्या आणि तू हसून म्हणालीस, बघ, शेवटी मीपण बारीक झाले. काल स्कर्टला टीप मारायला घेतली आणि वही उघडली. दोन वर्षांपूर्वी तुझ्या कोटासाठी घेतलेलं माप त्याच वहीत आहे. तुझी कंबर तेव्हा एकतीस होती. आता अठ्ठावीस आहे. अठ्ठावीस, बटण. दुकानात एकटीच होते, तरी मी तो आकडा मोठ्याने म्हटला. रडण्याने माणूस वाळतं, जागरणाने, न जेवण्याने वाळतं. असंच काही असेल, देव करो आणि तसंच असो, आणि मग तू मला जन्मभर हसत राहा. पण या आठवड्यात डॉक्टरला दाखव, आईला काय झालं होतं ते सांगून दाखव, आणि ते जे म्हणतील ते जसंच्या तसं मला कळव. तोवर स्कर्ट तसाच ठेवते आहे. टाचण्या आहेत, टीप मारलेली नाही.

तुझीच, आकडे आता मोठ्याने म्हणणारी,
टाचणी