जंगलाकडचं जाळं

तलावावरचं शिबिर, कुरखेड्याजवळ
६ जानेवारी २०२४

तीर्थरूप बाबांस रंजीताचा सप्रेम जयभीम.

इथी फोन लागत नाई, म्हणून पत्र. वनरक्षक श्रावणभाऊ बाजाराच्या दिवशी डाकेत टाकतात. आमचं काम तुम्हाला ठाऊकच आहे. पहाटे तलावाकाठी बारीक जाळी लावायची, अडकलेलं पाखरू सोडवून त्याच्या पायात नंबराची कडी घालायची आणि उडवून द्यायचं. पुढे ते कुठी सापडलं, तर कडीवरून त्याचा प्रवास कळते. दर अर्ध्या तासानं जाळं पाहावंच लागते.

मंगळवारी जंगलाकडचं जाळं माझ्याकडे होतं. एकदम वानरं ओरडली. श्रावणभाऊंनी वाघ म्हणून मले मागे ओढलं. आम्ही पळालो. परत जायला दीड तास गेला. जाळ्यात तीन धोबी पक्षी मरून लटकले होते. शिबिराचे गुणवंत सर म्हणाले, माणूस आधी. पण रजिस्टरात "मृत तीन" मीच लिहिलं. तेव्हापासून झोप येत नाई. एक कडी घातली नाई, नुसती बांधावर फेऱ्या मारून राह्यली. घरी येऊ का?

आईले वाघाचं सांगू नका. लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमची,
रंजीता

मार्कंडा
१२ जानेवारी २०२४

चि. रंजीतास बाबाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईनंच पहिले उघडलं, आता बोल! दोन दिवस जेवली नाई. वरून विचारते, पाखरांच्या पायात कड्या घालून राह्यली, स्वतःच्या पायात जोडवी कधी घालशील? वावरातलं लाखोळीचं पीक बरं आहे.

एक गोष्ट तुले कधी सांगितली नाई. लहानपणी मी फासे लावून तितर, लावे धरत होतो. किती मेले, आठवत नाई. कोणी लिहून ठेवले नाई, मी तर नाईच. तू तीन लिहिले. तुले झोप येत नाई, हे वाचून मले वाईट वाटलं अन् बरंही वाटलं.

यायचं तर वाघाच्या भीतीनं ये, तुले घ्यायला मी आरमोरीपर्यंत येतो. पाखरांच्या लाजेनं येऊ नको. अन् ते जाळं तिथीच काऊन लावता, हे तुझ्या सरांना कोणी विचारलं का?

जिवाले जप. माया कमी करू नको.

तुझा बाबा,
बापूराव

तलावावरचं शिबिर
२० जानेवारी २०२४

तीर्थरूप बाबांस जयभीम.

मी विचारलं. सर चिडले. म्हणाले, दुर्मीळ पक्षी त्याच कडेला येतात, ते जाळं काढलं तर हिवाळा वाया जाईन. मी म्हटलं, जिथी माणूस वेळेवर पोचू शकत नाई, तिथी जाळं लावायचा आपल्याले हक्क नाई. ते जाळं राहिलं तर मी घरी जाते. श्रावणभाऊ म्हणाले, मीबी तिकडे जाणार नाई. दुसऱ्या पहाटे पाहते तर सर स्वतः त्या जाळ्याचे बांबू उपटून राह्यले होते.

भीती गेली नाई बाबा. वानर खोकललं तरी दचकते. पण महिनाअखेरपर्यंत थांबते.

काल सरांनी एक खाटीक पक्षी माझ्या हातात दिला आणि बाजूले झाले. चोच मोठी वाईट त्याची. कडी बसवताना त्यानं बोटाचा लचका घेतला, रक्त आलं. मी मूठ आवळली नाई; कडी बसवली अन् त्याले उडवून दिलं.

आईले सांगा, जेवत जा. तुमच्या दोघांच्या मायेची,
रंजीता