ऑरिन हॉगन विकला जाणार नाही

७ जानेवारी
वॉशिंग्टन. खासदारकीची शपथ झाली. आवाज जरा कापला, पण तो माइकचा दोष.
निर्धार: कंपन्यांसाठी कायदे वळवून घेणाऱ्या लॉबीवाल्यांना ऑफिसात पाऊल टाकू द्यायचं नाही. किळस येते या जातीची. ते दात, ते सूट, ते खांद्यावरचे हात!
पहिलं काम: वृद्धाश्रमांत रात्रपाळीला नर्स सक्तीची करणारं विधेयक. आमच्या मिनेसोटातल्या आर्डिथबाई मला शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांचा नवरा असल्याच एका वृद्धाश्रमात घंटी वाजवत वाजवत गेला. कुणी आलंच नाही. बाईंना शब्द दिलाय.

१५ जानेवारी
पक्षाच्या फोन-खोलीत बसून रोज अनोळखी श्रीमंतांकडे देणग्या मागायच्या म्हणे! ऑफिस सांभाळणाऱ्या डेल्फिनला म्हणालो, मी खासदार आहे, भिकारी नव्हे. ती म्हणाली, चांगल्या समितीत जागा हवी असेल तर दोन्ही व्हावं लागेल. उर्मट बाई.
गेलो. खिडकी नाही, कॉफी गार. एका दंतवैद्याने फोन आपटला. शी! पण हे तात्पुरतं.

४ फेब्रुवारी
वृद्धाश्रमवाल्यांच्या लॉबीचा टिलरी आला. ऑफिसात घेतला नाही. नियम म्हणजे नियम. म्हणून स्टेकहाऊसात भेटलो. लॉबीवाल्याच्या पैशाने जेवायला बंदी आहे, पण हे जेवण माझ्याच निवडणुकीच्या देणग्या गोळा करायला होतं, त्यामुळे कायद्यात बसतं. शत्रूचा अभ्यास करावाच लागतो.
माणूस ओंगळ. माझी मुलगी व्हायोलिन वाजवते, हेसुद्धा त्याला ठाऊक! म्हणाला, ऑरिन, विधेयक मोठ्या मनाचं आहे रे, भाषा तेवढी कच्ची.
स्टेक मात्र उत्तम.

११ मार्च
टिलरीच्या वकिलांनी भाषा सुधारून दिली. फुकट. ‘नर्स ठेवलीच पाहिजे’ ऐवजी ‘नर्स ठेवता येईल का, याचा अभ्यास व्हावा’.
डेल्फिनने विचारलं, यात नर्स कुठंय? समजावलं, आधी अभ्यास, मग नर्स. तिला राजकारण कळत नाही.
पक्षाच्या प्रतोदाने पाठ थोपटली. समितीत जागा पक्की! विरोधी पक्षवालेही अचानक पाठिंबा देतायत. ते लोक टिलरीच्या खिशात आहेत, हे शेंबडं पोरही सांगेल. ओकारी येते.

२० मे
समितीपुढे आर्डिथबाईंची साक्ष होती. टिलरीने सुचवलं, लेखी घ्या, बाईंची दगदग वाचेल. पटलं. तसं कळवलं. तरी बाई आल्याच, रविवारचा कोट घालून.
मी मागच्या दाराने निघालो. महत्त्वाचा फोन होता. (असणार होता.) लिफ्टपाशी त्यांनी गाठलंच.
म्हणाल्या, अरे ऑरिन, तो टिलरी खोटं बोलायला का होईना, आत्ता बाहेर अर्धा तास माझ्यासमोर बसला. ह्यांचं नाव विचारलं त्याने. तू कुठे होतास?
मी म्हणालो, बाई, संसदेच्या कामाची पद्धत फार गुंतागुंतीची असते. लिफ्ट आली. त्या चढल्या. मी जिन्याने उतरलो. व्यायाम हवाच.

९ जून
विधेयक प्रतिनिधीगृहात मंजूर. नर्स नाही, अभ्यास आहे. टिलरीने पार्टी दिली. मी गेलो तो त्याच्या तोंडावर थुंकायलाच. भाषण पाठ केलं होतं.
त्याला कोपऱ्यात घेतलं. म्हणालो, खरं सांग, मला विकत घ्यायला तुम्ही लोकांनी किती उधळले? कारण ऑरिन हॉगन विकला जात नाही!
तो खरोखरच गोंधळला. म्हणाला, तुझ्यावर? एक स्टेक सोडला तर काहीच नाही रे. पैसे समितीच्या अध्यक्षांना गेले, प्रतोदाला गेले, पलीकडच्या पक्षातही वाटले. तुझ्यासाठी कुणी मागितलेच नाहीत. आम्हाला वाटलं, तुला हे असंच हवं होतं.
तेवढ्यात अध्यक्ष आत आले. टिलरीने आपला रिकामा ग्लास माझ्या हातात दिला आणि त्यांच्याकडे धावला.
तो ग्लास धरून मी बराच वेळ उभा होतो. कुणी घ्यायला आलं नाही.