आठ ग्लास पाणी, दोन बिल्ले

सोमवार, ४ मार्च

टेबल मिळालं! एक पाय आखूड आहे, पण माझं आहे. पद — आरोग्य संशोधन सहायक. आई म्हणाली, "म्हणजे डॉक्टर का?" "नाही गं." "मग शेजारी काय सांगू?" शेवटी तिनेच ठरवलं — डॉक्टरच्या जवळचं काहीतरी.

कारखाना शर्टांचा. कॉलरच्या लाईनवर चाळीस बायका, त्यात माझी काकू — बावीस वर्षं एकाच मशीनवर. तिने शब्द टाकला म्हणून मला मुलाखतीला बोलावलं. माझं काम: 'निरोगी कामगार' उपक्रमाचा बायकांना किती फायदा झाला ते शोधणं. झाला का, हे शोधायचं नाही. मॅनेजरसाहेबांनी दोनदा समजावलं.

बुधवार, ६ मार्च

अकरा वाजता लाउडस्पीकरवरून श्वास. उपक्रमाच्या बाई गोड आवाजात सांगतात — "घ्या... धरून ठेवा... सोडा..." मशीन मात्र थांबवायचं नाही. 'धरून ठेवा'ला एकीच्या बोटात सुई गेली. बाईंनी तिला पट्टी बांधली आणि वहीत लिहिलं: सहभागी — चाळीस. लाईनवर त्यांचं नाव श्वासवाल्या बाई.

भिंतीवर तक्ता आहे — रोज आठ ग्लास पाणी. प्रत्येकीपुढे आठ खुणा. पण पिंप सकाळी भरलेलं होतं तसंच संध्याकाळी भरलेलं! मी दोनदा झाकण उघडून पाहिलं.

शनिवार, ९ मार्च

उपक्रमाबद्दल मत विचारणारे फॉर्म भरून आले. चाळीसच्या चाळीस 'अत्यंत समाधानी'. एकीने तर 'आपले वय' यापुढेही 'अत्यंत समाधानी' लिहिलंय.

सोमवार, ११ मार्च

पिंपाचं काकूला विचारलं.

"पाणी प्यायलं की जावं लागतं बाई. लाईनला बिल्ले दोन. मुकादमिणीच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेले. बिल्ला हातात असला तरच उठायचं. आम्ही चाळीसजणी."

"मग त्या आठ खुणा?"

"मुकादमीण सकाळीच करून ठेवते. संध्याकाळी तिला घाई असते."

गेल्या महिन्यात तिघींना लघवीच्या जळजळीच्या गोळ्या चालू होत्या. "चौथी मी," काकू म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

हे पुढे यायलाच हवं! जेवणाच्या सुट्टीत उभी राहून सगळ्यांशी बोलले — फॉर्म पुन्हा भरा, खरं लिहा, नाव लिहायचं नाही, कोणाला कळणार नाही, शप्पथ! एकीने जांभई दिली. मग काकू म्हणाली, "घरची पोर आहे. लिहा गं."

गुरुवार, १४ मार्च

खरं लिहिलं! सगळ्यांनी नाही, एकोणीसजणींनी; बाकीच्यांचं पुन्हा 'अत्यंत समाधानी'. चौदावा प्रश्न — 'सुट्टीखेरीज मध्ये उठण्याची गरज पडते का?' त्यापुढे 'हो', आणि जागा पुरली नाही म्हणून मागच्या पानावर. "गरज पडते. उठता येत नाही." "सून म्हणते, हल्ली घरी आल्या आल्या चिडता. आधी मला मोरीत जाऊ दे म्हणावं." संशोधन म्हणजे हे!

शुक्रवार, १५ मार्च

फॉर्म पुन्हा भरल्याचं साहेबांच्या कानावर गेलं; त्यांनी ते मागितले. "नावं नाहीत त्यांवर," मी ताठ मानेने. त्यांनी वरचा एक उचलला — नशीब, तो 'अत्यंत समाधानी' निघाला. कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा आकडा?"

अनुक्रमांक. मीच घातलाय, खुर्च्यांच्या ओळीने. पुस्तकातच आहे — फॉर्म अपुरा राहिला तर त्याच व्यक्तीला परत विचारता यावं.

"वा! पद्धतशीर आहात. म्हणजे कोणाला त्रास आहे ते कळेल. अशांना घरी विश्रांती देऊ."

"किती दिवस?"

"विश्रांती ती विश्रांती. दिवस कशाला मोजायचे?"

सोमवारी सगळे फॉर्म टेबलावर हवेत.

शनिवार, १६ मार्च

काकूला सांगितलं. तिने मशीन थांबवलं.

"नंबर घातलेस?"

"पद्धत असते ती, काकू."

"आमचीही एक पद्धत होती. विचारलं की उत्तम म्हणायचं. बावीस वर्षं चालली."

मुकादमिणीने तिकडून हटकलं. मशीन पुन्हा सुरू झालं. काकूने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

रविवार, १७ मार्च

सकाळपासून स्वयंपाकघराच्या फरशीवर एकोणीस कोरे फॉर्म, चार वेगवेगळी पेनं. काही डाव्या हाताने भरले. आई म्हणाली, "रविवारीही ऑफिसचं काम? केवढी मेहनत!" — आणि शेजारणीला बोलावून दाखवलं. शेजारीण कौतुकाने पाहत उभी, मी समोर खोटं लिहितेय!

चौदाव्या प्रश्नाला एकोणीस वेळा 'नाही'. पहिल्या पाच-सहांना दरवेळी खरा फॉर्म पुन्हा वाचला. मग वाचायचं थांबवलं — तेच जास्त लागलं. खरे फॉर्म बादलीत भिजवून लगदा केला.

माझं पहिलं संशोधन. पण एकोणीसजणी आपापल्या खुर्चीवर राहतील. यापेक्षा मोठा निष्कर्ष मला सध्या सुचत नाही.

सोमवार, १८ मार्च

"शंभर टक्के!" साहेब उभेच राहिले. श्वासवाल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी. कोणालाच विश्रांती नाही! जेवताना काकूने डबा माझ्याकडे सरकवला.

गुरुवार, २८ मार्च

लाईनच्या दाराशी नोटीस लागली. मुकादमिणीने खिळ्यावरचा एक बिल्ला काढून खिशात टाकला. बायका जमल्या. काकूने मला दंडाला धरून पुढे आणलं. "वाच मोठ्यानं. शिकलेली तू आहेस."

वाचलं: 'सुट्टीखेरीज मध्ये उठण्याची गरज एकाही कामगारास पडत नाही, असे संशोधनातून सिद्ध झाले आहे. सबब यापुढे प्रत्येक लाईनला एकच बिल्ला राहील.'

इथे थांबले.

काकूने खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "हेही."

'आरोग्य संशोधन सहायकांचे आभार.'