पाचव्या तुकड्यात डाळ हलली नाही

नांदेड,
१२ जानेवारी २०२५

ती. विशाखाआत्यास मिहिरचा शि. सा. न. वि. वि.

फोन उचलत नाहीस, मेसेजला नुसते जोडलेले हात पाठवतेस, म्हणून शेवटी पत्र. सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये माझा अल्बम आहे. पेटी नाही, तबला नाही; सकाळी ऑफिसला जाण्याआधी कॉम्प्युटरवर बसून केलेलं सगळं. वर्षं गेली यात आणि आता मला काहीच कळेनासं झालंय. काल सुरेल वाटलेलं आज पिठाच्या गिरणीसारखं वाटतं. संपलंय की नाही हेही उमगत नाही. वाद्य असतं तर हात दुखून थांबलो असतो, कॉम्प्युटरला कसला थकवा!

तुझी सूनबाई मनस्विनी म्हणते, बोअरची मोटर चालू राहिली की काय असं वाटतं. देगलूरचा मलप्पा, ज्याच्या साउंड सिस्टीमशिवाय तिथं वरात निघत नाही, तो म्हणतो की तो खालचा घुमणारा सूर पार काढून टाक. लोक आता मोबाइलवर ऐकून राहिले, तिथं तो पोचतच न्हाई. पण तो तुझ्या तंबोऱ्याचा खर्ज धरून लावलाय, आत्या. काढू की ठेवू?

सूर म्हणजे काय हे मला तूच शिकवलंस. हे गाणं आहे म्हणालीस तर लोकांपुढे ठेवीन. नाही म्हणालीस तर पुसून टाकीन आणि पुन्हा या वाटेला जाणार नाही. पाचवा तुकडा मात्र नीट ऐक, तिथं तुझ्यासाठी एक गंमत आहे.

मनूचा नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
मिहिर

लातूर,
२० जानेवारी

चि. मिहिर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पेनड्राइव्ह पोचला. शेजारच्या नीलाबाईने लावून दिला. निवृत्तीच्या वेळी शाळेने दिलेला तो भला थोरला स्पीकर, ज्याचं मी इतकी वर्षं टेबल केलं होतं, त्याला एकदाचा कामाला लावला. वर तुरीच्या डाळीची परात होती, ती तशीच राहू दिली. लातुरात राहून डाळ निवडणं काही चुकत नाही बघ.

तिसरा तुकडा सगळ्यांत उत्तम. डाळ नुसती पळत होती. दुसऱ्यात थबकत थबकत सरकली, म्हणजे लय चांगली असणार. पाचव्यात मात्र जागची हलली नाही. तो काढून टाकलास तरी चालेल.

बाकी थंडी बेताची, गुडघे कुरकुरतात. मनूला घेऊन हुरड्याला ये. फोन करू नकोस, इथे हल्ली रेंज नसते.

तुझी,
आत्या

नांदेड,
२७ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मनू म्हणाली, आत्या तुमची फिरकी घेताहेत. घेत असशील तर घे, तुझा हक्कच आहे. पण मी खरोखर गोंधळलोय. सुराची परीक्षा डाळीवर केव्हापासून व्हायला लागली? एका गंधारासाठी मला ताटकळत बसवणारी तू, आणि डाळ पळाली म्हणून गाणं उत्तम?

आणि पाचवा काढून टाक म्हणतेस. आत्या, पाचव्यात तू आहेस. स्नेहसंमेलनाच्या जुन्या कॅसेटमधला तुझा आवाज, एकटा. त्याखाली काही घालायचा मला धीरच झाला नाही. तुला तुझा आवाज ओळखू आला नाही, की न विचारता घेतला म्हणून राग आला? राग असेल तर तसं लिही. मला वाईट वाटलंय, आणि नेमकं कशाचं हेही कळत नाही.

मलप्पाचंच खरं दिसतंय. खर्ज काढायला बसलो होतो, पण आता वाटतं सगळंच पुसावं. तुझं उत्तर येईपर्यंत थांबतो.

मिहिर

लातूर,
१ फेब्रुवारी

चि. मिहिर यास आशीर्वाद.

काही पुसू नकोस.

मला ऐकू येत नाही, मिहिर. आधी बारीक सूर गेले, मग माणसांचे आवाज. रेंजला मी उगीच बोल लावला. दिवाळीत तुम्ही सगळे बोलत होता आणि मी हसत होते, ते आठव. कानाचं यंत्र घेतलंय, पण त्यात भांडी खणखणतात, सूर लागत नाही. कुणाला सांगितलं नाही. गाणं शिकवणाऱ्या बाईने आपले कान गेले हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

जन्मभर मी यंत्राच्या तंबोऱ्यालाही नाक मुरडलं. त्या दिवशी तुझं मन मोडू नये म्हणून बरं काहीतरी लिहायचं ठरवूनच बसले होते. पण परात थरथरायला लागली म्हणून सावरायला हात लावला, आणि हाताला माझ्या तंबोऱ्याचा खर्ज लागला. नीलाबाई नंतर म्हणाली की बाई, डाळ नाचून राहिली अन् तुम्ही रडून राहिलात. किती तरी दिवसांनी मी गाणं ऐकलं रे बाळा. लोकांना तो सूर पोचत नसेल. मला तेवढाच पोचतो.

पाचव्यात मी आहे, हे तुझ्या पत्रातून कळलं. मी कशी गात होते? जमलं तर लिहून कळव.

तुझी,
आत्या

नांदेड,
६ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मनू आधी रडली, मग माझ्यावर चिडली, की सुरात जन्म घालवता आणि दिवाळीत एवढं लक्षात आलं नाही. कसं आलं नाही, ते मलाही कळत नाही. कानाच्या डॉक्टरांकडे मी तुला नेणार आहे, त्यावर वाद नको. मी केलंय ते गाणं आहे की नाही, हे अजून समजलेलं नाही, पण पुसत नाही. खर्ज आहे तिथे आहे. मलप्पाला सांगितलं. तो म्हणाला की वरातीतला स्पीकरचा मोठा बॉक्स गाडीत टाकून देतो, घेऊन जाय.

तू कशी गात होतीस, ते मला काही लिहिता येईना. म्हणून पाचव्याला हात लावला. तुझ्या आवाजाच्या मागोमाग खर्ज चालवलाय. तू वर गेलीस की तो जोर करतो, तू श्वास घेतलास की थांबतो.

रविवारी घेऊन येतो. तोवर डाळ निवडून संपवू नकोस.

तुझा,
मिहिर