पॅकिंग हॉलचा रंग

३ जून, सोमवार
आज सकाळी पॅकिंग हॉलमध्ये शिडीवर चढलो आणि तुळईवरून बोट फिरवलं. बोट दिसेनासं झालं. मक्याच्या स्टार्चचा जाड थर, त्यात एक मेलेली पाल. तीही पांढरी. शिसारी आली. खाली उतरून तीनदा हात धुतले, देवाचं नाव घेतलं. ही पूड हवेत उडाली आणि ठिणगी पडली, तर हॉल छपरासकट जाईल. खाली चौदा बायका पोती शिवतात.
ठरवलं. धोक्याचा नकाशा आठवड्यात पुरा. पूड सतत उडते तिथे लाल, कामाच्या ओघात उडते तिथे नारिंगी, क्वचित उडते तिथे पिवळा. सेफ्टी ऑफिसर मी आहे, कोणाची भीड नाही.

५ जून
नकाशावर हॉल नारिंगी रंगवला. सुरेख. गावच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, याचा रंग रेघेबाहेर जात नाही.
मॅनेजर म्हणाले, नारिंगी म्हणजे सगळ्या मोटारी, स्विच बदलून ठिणगी न उडवणारे बसवा, हॉल तीन आठवडे बंद. पिवळ्यात नाही का बसत? मी ठामपणे सांगितलं, विचार करतो.

६ जून
विचार केला. हॉल स्वच्छ ठेवला तर पूड क्वचितच उडेल. म्हणजे पिवळा खराच! हे सुचायला अनुभव लागतो. बायको म्हणाली, म्हणजे ताप तसाच ठेवून थर्मामीटर झटकायचा. तिला टेक्निकल कळत नाही.

७ जून
पॅकिंगच्या मुकादम मावशींना रोज झाडायला सांगितलं. म्हणाल्या, साहेब, झाडू काय तुळईपर्यंत पोचतो? व्हॅक्युम मागून वर्ष झालं. त्यांचा अर्ज माझ्याच ड्रॉवरमध्ये निघाला. त्यावरही पूड. किळसवाणा कारभार.

१० जून
नकाशा पिवळा केला. नारिंगीवर पिवळा बसत नाही, ओकारीसारखा दिसतो. उद्या तपासणी अधिकारी.

११ जून, सकाळी ९
युक्ती सुचली. कॉम्प्रेसरच्या हवेने तुळया फुंकून काढतो. दहा मिनिटांत लख्ख.

११ जून, दुपार
लख्ख नाही. पहिल्याच झोतात हॉल पांढरा. स्वतःचा हात दिसेना. शिवायची मशीनं चालू. मावशी ओरडल्या, अगं बाहेर पळा, आहात तशा! बाहेरचा मेन स्विच पाडला, परत आत येऊन मला कॉलर धरून ओढलं. म्हणाल्या, अहो सेफ्टीसाहेब, आम्ही चौदा जणी आत होतो. मी थुंकलो. तोंडात स्टार्चची खळ.
अधिकारी आले तेव्हा आम्ही सगळे आवारात भुतांसारखे उभे. त्यांनी विचारलं, पूड क्वचितच उडते ना? मावशी म्हणाल्या, साहेब आत असले की उडते.

१२ जून
हॉल बंद. ठपका माझ्यावर. खरं तर धोका मी प्रात्यक्षिकाने सिद्ध केला, हे कोणी बघत नाही. पण पूजेला बसलो तरी चौदा हा आकडा डोळ्यांपुढून हलेना. स्वतःचीच घाण वाटली.
ठरवलं. नकाशा मावशींनी करायचा. पूड कुठे कधी उडते, हे त्यांना पाठ. उद्याच सांगतो.

१३ जून
सांगायला गेलो. त्या कामात होत्या.

१४ जून
आज मी कामात होतो.

१७ जून, सोमवार
सांगितलं. मावशी म्हणाल्या, करते, पण हॉल नारिंगी आणि पोत्यात पूड ओतायच्या फनेलच्या आत लाल. मॅनेजरांचं काय, विचारलं. म्हणाल्या, त्यांना मी बघते.
दिवसभर मापं घेतली. टेप त्यांच्या हातात, दुसरं टोक माझ्याकडे. वाटतं तितकं सोपं नाही. मी एक-दोन तांत्रिक सूचना करणार होतो. मावशी म्हणाल्या, साहेब, तुम्ही फक्त हलू नका.
हललो नाही.