आधी रेघ, मग अक्षर

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची, आणि खोली पाहून जीव खूश झाला. वरच्या मजल्यावरची, स्वच्छ, आणि टेबल असं ठेवलंय की उजेड डाव्या बाजूने येतो, लिहिताना हाताची सावली कागदावर पडत नाही. घर बांधणाऱ्याला एवढी अक्कल असली की मी त्याचे बाकीचे गुन्हे माफ करते. पडद्यांवरची गुलाबी फुलंसुद्धा.

काम सुखाचं आहे. या घरातले साहेब गेल्या वर्षी वारले. मागे कपाटं भरून शाईची पेनं ठेवून गेले, सगळी भारतीय बनावटीची, बहुतेक लेथवर हाताने घडवलेली. त्यांच्या पत्नीला, म्हणजे बाईंना, त्यातली उत्तम तेवढी वाचनालयाला द्यायची आहेत. तिथे काचेच्या पेटीत राहतील. उरलेली विकायची. उत्तम कुठली ते मी ठरवायचं.

पेनांच्या संग्राहकांविषयी माझं मत कधीच चांगलं नव्हतं. पेन घ्यायचं, मखमलीत निजवायचं, आल्यागेल्याला दाखवायचं. शाईचं नाव काढलं की यांच्या अंगावर काटा. त्याहून वाईट ते परदेशी पेन खिशाला लावून मिरवणारे. त्यांचं एकूण लेखन म्हणजे हॉटेलच्या बिलावरची सही. साहेब निदान लिहिणारे होते. मी पाहिली तेवढी प्रत्येक निब झिजलेली आहे.

मी मानपत्रं आणि प्रमाणपत्रं लिहिते. माझं अक्षरशः हातावर पोट आहे, तेही एकाच हातावर. त्यामुळे पेन म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये.

घरात बाई आणि त्यांचा चाळिशीचा मुलगा. त्याला मी मनातल्या मनात चिरंजीव म्हणते. जेवताना उजवा हात खिशात, चमचा डाव्या हातात, आणि तोंडातून शब्द नाही. असे पुरुष आयांनी लाडावून ठेवलेले असतात. चहाही सुमार होता.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर पेनं. निम्मी बाद केली. काही ढेरपोटी, काहींची टोपणं आटे झिजून गरगर फिरणारी, एकाची क्लिप अशी की खिसा फाडूनच बाहेर येईल. साहेबांची आवड सरसकट चांगली होती असं नाही. पैसा होता आणि हौस होती.

पण जी चांगली आहेत ती फार चांगली आहेत. चॉकलेटी लाटा असलेलं एक एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं पेन आहे. हातात धरलं की धातूसारखं गार लागत नाही, घटकाभरात आपल्याइतकं ऊबदार होतं, आणि टोपण काढलं की रबराचा मंद वास येतो. ड्रॉपरने थेट दांड्यात शाई भरायची. शाई संपत आली की हाताच्या उबेने मध्येच थेंब टाकतं. परदेशीवाले या थेंबावरून नाकं मुरडतात. मुरडोत. मला ते पेन फार आवडलं.

माझी कसोटी साधी आहे. ज्याने रोजनिशी लिहून हात अवघडत नाही ते पेन चांगलं. आजची नोंद चॉकलेटीने लिहिते आहे. पास.

एक हिरवं-काळं पेन वेगळ्या खणात ठेवलंय, कुलूप नाही काही नाही. जाडजूड, बिनक्लिपचं. मी हात पुढे केला तर बाई म्हणाल्या की ते निवडीत धरू नका, ते साहेबांचं रोजचं होतं. मी विचारलं, मग वेगळी आठवण म्हणून जपताय का. त्या नाही म्हणाल्या. मग टाकून का देत नाही, तर म्हणे हातात घ्यायची भीती वाटते. विधवांचा हा हळवेपणा मला समजू शकतो, पण निवड करणाऱ्याला सगळ्यात चांगली वस्तू दाखवायचीच नाही, हा कुठला न्याय?

५ नोव्हेंबर, बुधवार

घेतलं. बाई बाजारात गेल्या होत्या. चिरंजीव जिन्यात उभा राहून बघत होता, पण त्याला काय कळतंय.

काय पेन आहे! पेन पारखताना सगळे आपली सही करतात, तशी मीही केली. पानभर केली. निब एका बाजूने झिजली आहे, म्हणजे साहेब पेन बरंच आडवं धरत असणार. म्हणतात ना, निब लिहिणाऱ्याच्या हाताला बसते, म्हणून शाईचं पेन कुणाला उसनं देत नाहीत. मी पेन थोडं आडवं केलं आणि निबने कागदावर जी वाट धरली, ती सोडवेना.

या पेनाने लिहिल्यावर चॉकलेटी आता गचाळ वाटतं. पहिला नंबर याचाच. बाईंना सांगायला हवं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

एक गंमत. कालची नोंद आज वाचली. माझी सवय अशी, आधी शब्द लिहायचा आणि मग त्याच्या डोक्यावर रेघ द्यायची. शब्दाशब्दाला तुटलेली रेघ. काल मात्र मी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग रेघा ओढल्या आहेत आणि अक्षरं त्यांना खालून टांगली आहेत. शाईवरून स्पष्ट दिसतं की रेघ आधीची. मला हे केल्याचं आठवत नाही.

जेवताना सहज विचारलं. बाईंनी चमचा खाली ठेवला. म्हणाल्या, साहेब तसंच लिहायचे. आधी पानभर रेघा, मग अक्षर. ते परीक्षक होते, दुसऱ्याच्या कागदावर हिरव्या शाईने शेरे मारण्यात जन्म गेला. घरातही तेच. मुलाच्या वह्या, बाईंची वाण्याची यादी, सगळ्यावर एकच शेरा, 'गचाळ'.

तो शब्द मी काल वापरला. मी 'सुमार' म्हणते, 'गचाळ' माझ्या तोंडात नाही.

योगायोग. हे घर घाबरट आहे, आणि घाबरट माणसांत राहिलं की आपणही पालीला साप म्हणायला लागतो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

हिरवं पेन खणात परत ठेवलं. आजची नोंद माझ्या स्वतःच्या पेनाने, घरून आणलेल्या. सकाळी लवकर उठलो, खिडकीशी बसलो आणि चहा

उठले. बसले.

मी बाई आहे. पन्नास वर्षं बाई आहे. उठलो, बसलो असं मी थट्टेतसुद्धा लिहीत नाही.

आणि वर पाहते तर रेघ सलग.

८ नोव्हेंबर, शनिवार

एक मानपत्र सोबत आणलं होतं, फक्त नाव घालायचं बाकी. म्हटलं आपलं काम केलं की हात ठिकाणावर येईल. नाव लिहिलं. अक्षर माझं नाही. किरकिरं, पुढे झुकलेलं, मास्तरी. खाली माझी सही करायला गेले, तीस वर्षांची सवयीची सही, ती येईना. हात दुसरंच काहीतरी झरझर करून मोकळा झाला. तो कागद बाईंना नेऊन दाखवला. त्यांनी सही वाचली आणि पदराने नव्हे, सरळ तळहाताने तोंड दाबून घेतलं.

मग म्हणाल्या,

"निब हाताला बसते म्हणतात ना. त्यांच्या पेनाचं उलटं आहे. हात निबला बसतो."

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता. हसलेच असते. वर त्यांनी हेही सांगितलं की त्यांना मुळात पेनं घराबाहेर काढायची होती, आणि चांगल्या जाणकाराच्या हातून जावीत एवढीच इच्छा होती. मूर्ख बाई. जन्मभर मूर्ख. एक खण नीट बंद करता येत नाही, यादी करता येत नाही, टोमॅटोच्या 'टो'ला मात्रा

हे मी लिहिलं नाही. मला त्यांच्या यादीतलं काय माहीत?

मला भीती वाटते आहे. स्पष्ट लिहून ठेवते. हात गेला तर मी काय करणार?

९ नोव्हेंबर, रविवार

निघणार होते. बॅग भरली. उजव्या हाताने ती पुन्हा रिकामी केली. मी बघत होते.

दुपारी चिरंजीव वर आला. दारातच उभा राहिला आणि खिशातून उजवा हात काढला. चार बोटं वेडीवाकडी जुळलेली, मुठीत काही धरता येणार नाही अशी. मी त्याला लाडावलेला म्हटलं होतं.

तो म्हणाला, साहेब गेल्यावर तेरवीच्या खर्चाचा हिशोब लिहायला त्याने ते पेन उचललं होतं. आठवड्यात तो आईला गचाळ म्हणायला लागला. आईने रडून सांगितलं तेव्हा त्याला कळलं.

"दारात बोटं ठेवून दार ओढलं. दुसरा उपाय नव्हता. आधी हात जातो, मग तोंड. तोंड जायच्या आत करा."

मग विचारलं, मी दार ओढू का. मी त्याला हाकलून दिलं. माझा हात आहे तो. त्यावर मी घर घेतलं, आईचं दुखणं काढलं. तोंडात शेणाचा गोळा धरल्यासारखं बोलणाऱ्या त्या कारट्याने मला

कारटं म्हणाले मी त्याला. तोंडावर. त्याचा चेहरा पडला नाही, शब्द त्याच्या ओळखीचा दिसला.

१० नोव्हेंबर, सोमवार

डाव्या हाताने लिहून पाहते. अक्षरं पडतात, पण माझी आहेत. मी आले. मी बसले. मी बाई आहे.

वहीची पुढची पानं उलटली. रेघा ओढून ठेवल्या आहेत. कोऱ्या पानांवर, सलग, हिरव्या. उद्याच्या पानावरही. त्या पानावर शेवटची रेघ अर्ध्यातच थांबली आहे, त्यानंतर काही नाही—

म्हणजे मला तेवढंच लिहायचं आहे—

दुपारी दाराशी गेले. बोटं चौकटीत ठेवली. डाव्या हाताने कडी धरली. एकदा जोरात ओढायचं होतं. मानपत्रं आठवली. माझं अक्षर आठवलं— किती सुंदर होतं— आणि ओढवेना—

चिरंजीवाला हाक मारायची होती. तोंडातून आलं, 'वही आण.'

तो नाही आला. शहाणा आहे.

उद्या नक्की. उद्या सकाळी त्याला ओढायला लावते— लावतो— ते—

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी उठलो. बरं वाटतं आहे. उजेड डाव्या बाजूने येतो, टेबल मी ठेवलं होतं तसंच आहे. पडदे मात्र गचाळ.

मानपत्रं लिहिणारी बाई काल दारापाशी बोटं ठेवून बराच वेळ उभी होती. दार ओढायला डावा हात पुरेना. मी कसा ओढू देईन? अक्षर बरं आहे तिचं, फक्त डौल जास्त. सुधारेल. तिने माझं पेन पहिलं निवडलं, तेवढी पारख तिला होती हे कबूल करतो.

खाली घरात हुंदके चालले आहेत. आमच्या हिला रडतासुद्धा नीट येत नाही. मुलाला वर बोलावलं आहे. जिन्यात त्याची पावलं वाजतात. येतो, लहानपणीही हाक मारली की यायचाच. उजवा हात त्याने माझ्यापासून सुटायला वाया घालवला, गाढव. पण त्याचा डावा अजून